लांब कानांच्या पाहुण्यासाठी घर हवे

जबलपूरचा मे महिना हा मनुष्यालाही सावली शोधावयास लावणारा असतो. पारा चाळीस अंशांच्या वर चढतो, मदनमहालच्या टेकड्यांवरील प्रचंड शिळा तापतात आणि दुपारच्या वेळी रस्ते ओस पडतात. अशा वेळी एखाद्या वसाहतीच्या फाटकाशी, बंद दुकानाच्या पायरीवर, एखादा विचित्र प्राणी धापा टाकत बसलेला आढळतो. पाय वीतभर, धड मात्र लांबलचक व भारदस्त, कान जमिनीला टेकणारे आणि डोळ्यांत जणू साऱ्या जगाचे दुःख. गल्लीतील मुले हसतात, गल्लीतील कुत्री भुंकतात. जाणकाराला मात्र एका दृष्टिक्षेपात उमगते, की हा गल्लीतला नव्हे. हा बॅसेट हाउंड आहे. कोणीतरी हौसेने विकत आणला आणि हौस फिटल्यावर सोडून दिला.

अशा श्वानाला उचलून आणणे, पाणी पाजणे, रात्रीपुरता आसरा देणे हे काम करुणेचे असते आणि करुणा आपल्याकडे दुर्मीळ नाही. खरी कसोटी त्यानंतर सुरू होते. हा जीव आता कोणाच्या स्वाधीन करावयाचा? ‘जो मागेल त्याला’ असे उत्तर दिले, तर काही महिन्यांनी तोच श्वान पुन्हा रस्त्यावर दिसण्याची शक्यता असते. एकदा टाकलेला प्राणी दुसऱ्यांदा टाकला गेला, की त्याचा माणसावरील विश्वास परत मिळविणे फार अवघड होते. म्हणूनच ‘घर मिळणे’ आणि ‘योग्य घर मिळणे’ यांतील अंतर समजून घेणे अगत्याचे आहे.

बुटका, पण सामान्य नव्हे

बॅसेट हा शब्द फ्रेंच भाषेतील ‘बा’, म्हणजे ठेंगणा, या शब्दावरून आला. घोड्यावर न बसता पायी शिकार करणाऱ्यांना आपल्या चालीने चालता येईल असा, सशाचा माग काढणारा श्वान हवा होता. त्या गरजेतून फ्रान्समध्ये या जातीची जोपासना झाली. १८७४ मध्ये सर एव्हरेट मिले या इंग्रज गृहस्थांनी ‘मॉडेल’ नावाचा बॅसेट फ्रान्समधून इंग्लंडला नेला. हे प्रख्यात चित्रकार जॉन एव्हरेट मिले यांचे चिरंजीव होत. पुढे १८९०च्या दशकात जातीतील दुर्बलता घालविण्यासाठी त्यांनी ब्लडहाउंड जातीशी तिचा संकर घडवून आणला. आजच्या बॅसेटचे जड डोके व सुरकुतलेली त्वचा पाहताना ब्लडहाउंडची आठवण होते ती उगाच नव्हे.

पूर्ण वाढलेल्या बॅसेटची उंची खांद्यापाशी साधारण ३३ ते ३८ सेंटिमीटर असते, वजन मात्र २० ते ३० किलोग्रॅम भरते. म्हणजे उंचीने तो लहान श्वानांत मोडतो, पण वजनाने मोठ्यांत. त्याचे आखूड पाय हे एका जनुकीय बदलाचे फळ आहे. कुत्र्यांच्या ज्या जातींचे पाय आखूड असतात, त्यांच्यात हाडांच्या वाढीशी संबंधित एका जनुकाची जादा प्रत आढळते, असे २००९ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने दाखवून दिले. या ठेवणीमुळे पाठीच्या मणक्यांवर कायम ताण पडतो. मणक्यांमधील चकती सरकली, तर मागील पाय लुळे पडण्यापर्यंत वेळ येऊ शकते.

वास घेण्याच्या सामर्थ्यात ब्लडहाउंडच्या खालोखाल बॅसेटची गणना केली जाते. हेच त्याचे वैभव आणि हेच त्याच्या संकटाचे मूळ. एखादा वास नाकात भरला, की मालकाची हाक त्याच्या कानी पडूनही पडत नाही. मान खाली घालून तो चालू लागतो, रस्ता ओलांडतो, वळणे घेतो आणि मान वर करून पाहतो तेव्हा परतीची वाट हरवलेली असते. स्वभावाने मात्र तो विलक्षण सौम्य. लहान मुलांशी त्याचे जमते, अन्य श्वानांशी तर फारच जमते, कारण पिढ्यान्‌पिढ्या तो कळपाने शिकार करीत आला आहे. एकाकीपणा त्याला सोसवत नाही आणि त्या एकाकीपणाची तक्रार तो खर्जातील दीर्घ स्वरात करतो. तो स्वर भिंतीपलीकडच्या शेजाऱ्यालाही स्पष्ट ऐकू जातो.

हौसेचे मोल

असा प्राणी रस्त्यावर येतो कसा? उत्तर सोपे आहे. पिल्लू पाहून निर्णय घेतला जातो आणि सांभाळ मात्र मोठ्या कुत्र्याचा करावा लागतो. दोन महिन्यांचे बॅसेट पिल्लू म्हणजे कानांत अडखळून पडणारे खेळणेच. त्या दर्शनाने विरघळलेल्या कुटुंबाला वर्षभराने पंचवीस किलोचा, लाळ गाळणारा, हट्टी आणि मोठ्याने रडणारा श्वान घरात आढळतो. १९९६ मध्ये ठिपकेदार डाल्मेशियन कुत्र्यांवरील चित्रपट गाजला, तेव्हा अमेरिकेत त्या जातीची पिल्ले हौसेने घेतली गेली आणि पुढे अनेक श्वान आसरागृहांत जमा झाले. आपल्याकडे २००३ मध्ये दूरध्वनी सेवेच्या एका जाहिरातीत मुलाच्या मागे धावणारा पग झळकला आणि घरोघरी पगची मागणी होऊ लागली. जाहिरात संपते, चित्रपट उतरतो, श्वान मात्र बारा-तेरा वर्षे जगतो.

प्राण्याला असे वाऱ्यावर सोडणे हा केवळ नैतिक दोष नाही. प्राणिक्रूरता प्रतिबंधक अधिनियम, १९६० मधील कलम ११ नुसार, भूक वा तहान यांमुळे प्राण्याला वेदना होतील अशा स्थितीत सबळ कारणाविना त्याला सोडून देणे हा गुन्हा आहे. परंतु पहिल्या अपराधासाठी कायद्याने ठरविलेला दंड आहे अवघा दहा ते पन्नास रुपये! साठ वर्षांपूर्वीच्या मोलाचा हा आकडा आज कोणाला धाक घालणार? २०१७ मध्ये श्वानप्रजनन व विक्री यांसाठी केंद्र शासनाने नियम केले. त्यांनुसार प्रजनन करणाऱ्यास नोंदणी आवश्यक झाली आणि आठ आठवड्यांहून लहान पिल्लू विकण्यास मनाई झाली. तथापि, नियम विक्रेत्याच्या दाराशी थांबतो. पुढची बारा वर्षे खरेदीदाराच्या विवेकावरच सोपविलेली असतात.

वारसा जुना आहे

मराठी मनाला श्वान परका नाही. दत्तात्रेयांच्या पायाशी चार श्वान आहेत. भाकरी घेऊन पळालेल्या कुत्र्याच्या मागे, ती कोरडी खाऊ नये म्हणून, तुपाची वाटी घेऊन धावणारे नामदेव महाराज घरोघरी ठाऊक आहेत. महाभारताच्या अखेरीस तर युधिष्ठिराने सोबत आलेल्या श्वानाला बाहेर ठेवून स्वर्गात पाऊल टाकण्यास नकार दिला.

या भावनेला संस्थेचे रूप मिळाले ते मुंबईत. १८३२ च्या जून महिन्यात, भटकी कुत्री मारण्याच्या सरकारी मोहिमेविरुद्ध मुंबईत दंगा उसळला. पारशी समाज त्यात अग्रभागी होता. त्यानंतर दोनच वर्षांनी, १८३४ मध्ये, सर जमशेटजी जीजीभाई यांच्या पुढाकाराने मुंबईचा पांजरपोळ उभा राहिला. १८७४ मध्ये मुंबईत प्राणिक्रूरता प्रतिबंधक संस्था स्थापन झाली. ज्या वर्षी ‘मॉडेल’ नावाचा बॅसेट इंग्लंडच्या भूमीवर उतरला, ते हेच वर्ष होय. पुढे परळ येथे बाई साकरबाई दिनशा पेटिट यांच्या नावे प्राण्यांचे रुग्णालय आणि १८८६ मध्ये पशुवैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. उद्योगविश्वातही ही परंपरा टिकून आहे. २०१८ मध्ये टाटा समूहाच्या ‘बॉम्बे हाउस’ या मुख्यालयाचे नूतनीकरण झाले, तेव्हा तेथे वर्षानुवर्षे आश्रयास येणाऱ्या भटक्या श्वानांसाठी स्वतंत्र खोलीच राखण्यात आली.

विरारचे शेत

योग्य घर म्हणजे काय, याचे हृद्य उदाहरण मुंबई पोलिसांच्या श्वानांनी घालून दिले आहे. मॅक्स, सुलतान, टायगर आणि सीझर हे बॉम्बशोधक पथकातील चार श्वान. २६ नोव्हेंबर २००८ रोजी मुंबईवर झालेल्या दहशतवादी हल्ल्याच्या वेळी या चौघांनी स्फोटकांचा शोध घेण्याची कामगिरी बजावली. सीझरने छत्रपती शिवाजी टर्मिनसवर अतिरेक्यांनी मागे ठेवलेले हातबॉम्ब हुंगून काढले आणि कित्येकांचे प्राण वाचले.

वय झाल्यावर हे श्वान निवृत्त झाले. निवृत्त माणसाला निवृत्तिवेतन असते, गाव असते, नातवंडे असतात. निवृत्त श्वानाला काय? या चौघांना विरार येथील एका प्राणिप्रेमी महिलेच्या शेतावर आसरा मिळाला. तेथे मोकळी जागा होती, देखभाल होती आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे चौघे एकत्र होते. वर्षानुवर्षे खांद्याला खांदा लावून काम केलेल्या सोबत्यांची ताटातूट करण्यात आली नाही.

त्या निर्णयाचे मोल पुढे कळले. २०१६ च्या एप्रिलमध्ये मॅक्स गेला, जूनमध्ये सुलतान, जुलैमध्ये टायगर. एकटा उरलेला सीझर उदास झाला, त्याचे खाणेपिणे मंदावले आणि ऑक्टोबर २०१६ मध्ये त्यानेही प्राण सोडला. मुंबई पोलिसांनी आपल्या सहकाऱ्याला सन्मानाने निरोप दिला. या चौघांच्या कथेतून एक गोष्ट स्पष्ट होते. श्वानासाठी घर म्हणजे छप्पर व अन्न एवढेच नसते. त्याच्या स्वभावाला जे लागते ते जेथे मिळते, ते त्याचे घर. त्या चौघांना एकमेकांची सोबत लागत होती आणि ती ओळखणारे माणूस त्यांना लाभले.

आधी प्रकृती, मग पत्ता

रस्त्यावर सापडलेल्या बॅसेटचे घर शोधण्यापूर्वी त्याची प्रकृती पाहणे क्रमप्राप्त ठरते. या बाबतीत जबलपूरकर भाग्यवान आहेत. येथील पशुवैद्यकीय महाविद्यालय १९४८ मध्ये स्थापन झाले. २००९ मध्ये मध्य प्रदेशाचे पशुवैद्यकीय विद्यापीठ जबलपूर येथेच आले आणि आज ते नानाजी देशमुख यांच्या नावाने ओळखले जाते. हिंगोली जिल्ह्यातील कडोळी या गावी जन्मलेल्या या मराठी समाजसेवकाला २०१९ मध्ये मरणोत्तर ‘भारतरत्न’ देऊन गौरविण्यात आले. १९५६ पर्यंत जबलपूर व नागपूर एकाच प्रांतात नांदत होते. त्या काळापासून येथे स्थिरावलेल्या मराठी कुटुंबांना हे नाव आपले वाटल्यास नवल नाही.

पशुवैद्याकडे प्रथम पाहावयाचे ते कान. बॅसेटचे लोंबते कान आतील हवा कोंडून ठेवतात. पावसाळ्याच्या दमटपणात त्यांत बुरशी व जंतू यांचा प्रादुर्भाव होतो, दुर्गंधी सुटते, श्वान सतत डोके झटकू लागतो. दुसरी तपासणी रक्ताची. रस्त्यावर राहिलेल्या श्वानाला गोचिडांमुळे होणारा ताप जडलेला असू शकतो आणि वरवर तो केवळ मरगळल्यासारखा दिसतो. डोळ्यांच्या सैल पापण्या, नखे, दात आणि पाठीचा कणा यांचीही पाहणी व्हावी. रेबीजप्रतिबंधक व अन्य लसी टोचाव्यात, प्रकृती सुधारल्यावर निर्बीजीकरण करून घ्यावे. घरात आधीचे श्वान असल्यास नव्या पाहुण्याला काही दिवस वेगळे ठेवणे श्रेयस्कर, कारण काही रोगांची लक्षणे दिसण्यास एक-दोन आठवडे लागतात.

या काळात आणखी एक कर्तव्य विसरता कामा नये. श्वान टाकलेला आहे असे गृहीत धरण्यापूर्वी तो हरवलेला तर नाही ना, याची खात्री करावी. त्वचेखाली ओळखचकती बसविलेली आहे का, हे पशुवैद्याकडील यंत्राने तपासता येते. परिसरात सूचना लावावी, जवळच्या दवाखान्यांत कळवावे. वासामागे भरकटणारी ही जात आहे. कदाचित दोन वसाहती पलीकडे एखादे कुटुंब त्याच्यासाठी डोळ्यांत तेल घालून बसलेले असेल.

तीन घरे

आता खरा प्रश्न. अशा श्वानासाठी जबलपुरातील तीन घरांनी हात पुढे केला आहे, अशी कल्पना करावी.

पहिले घर शहराबाहेर, बरगीच्या वाटेवर. चार एकर शेत, विहीर, आंब्याची झाडे, राखणीला दोन गावठी कुत्री. प्रथमदर्शनी कोणीही म्हणेल, ‘याहून उत्तम काय?’ परंतु या शेताला कुंपण नाही. बॅसेट राखण करणारा नव्हे, तो माग काढणारा आहे. पहिल्याच रात्री ससा वा मुंगूस यांचा वास नाकात भरेल आणि तो बांध ओलांडून चालू लागेल. पलीकडे मालमोटारींचा रस्ता आहे. विरारचे शेत त्या चौघांना मानवले, म्हणून प्रत्येक शेत प्रत्येक श्वानाला मानवेल असे नाही.

दुसरे घर विजयनगरातील नव्या इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर. पती-पत्नी दोघेही तरुण, सुशिक्षित, प्राण्यांवर मनापासून प्रेम करणारे. घरात वातानुकूलन आहे, म्हणजे उन्हाळ्याची चिंता नाही. पण इमारतीला उद्वाहन नाही आणि दोघेही सकाळी नऊला बाहेर पडतात ते सायंकाळी सातला परततात. दिवसाकाठी दोन-तीन वेळा साठ पायऱ्या चढणे-उतरणे हे लांब पाठीच्या श्वानाला घातक आहे. शिवाय दहा तासांचा एकांत त्याला असह्य होईल, त्याचे रडणे शेजाऱ्यांना असह्य होईल आणि आठवडाभरात तक्रारी सुरू होतील. पाळीव प्राणी ठेवण्यावर गृहनिर्माण संस्थांना सरसकट बंदी घालता येत नाही, असे भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाने २०१५ मधील मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट केले आहे. परंतु नियम बाजूने असला तरी शेजार विरोधात असणे सुखाचे नसते.

तिसरे घर नेपियर टाऊनमधील जुना बैठा बंगला. आजोबा सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले, आजी घरीच. दिवसभर माणसांचा वावर आहे, भिंतीचे आवार आहे, लोखंडी फाटक आहे, ओटीवर सावली आहे, फरशी थंड आहे. अडचण एकच. आजोबांचे वय ७२. अठ्ठावीस किलोचा श्वान अचानक आजारी पडला, तर त्याला उचलून वाहनात कोण घालणार? वासाच्या ओढीने त्याने पट्ट्याला हिसका दिला, तर तोल कोणाचा जाणार? आणि श्वान दहा वर्षे जगला, तर त्या वेळी काय?

तिन्ही घरांत प्रेम आहे आणि तिन्ही घरांत उणीवही आहे. निवड करणाऱ्याने मग प्रश्न असा करावा, की यांतील कोणती उणीव भरून काढता येण्याजोगी आहे? चार एकरांना कुंपण घालणे सहसा घडत नाही. जिन्याच्या पायऱ्या कमी होत नाहीत, कार्यालयाचे तास बदलत नाहीत. आजोबांची अडचण मात्र सुटू शकते. त्याच गल्लीत राहणारा पुतण्या सकाळ-संध्याकाळ फिरविण्याची जबाबदारी घेत असेल, अडीअडचणीला धावून येत असेल आणि पुढेमागे श्वानाला सांभाळण्याचा शब्द आज, स्वखुशीने देत असेल, तर हे तिसरे घर योग्य ठरते. पुतण्या नुसतेच ‘बघू’ म्हणत असेल, तर मात्र आजोबांना नम्रपणे नकार देऊन चौथे घर शोधावे. भल्या माणसाला नकार देणे जड जाते. पण श्वानाला स्वतःची बाजू मांडता येत नाही, ती त्याच्या वतीने दुसऱ्या कोणाला तरी मांडावी लागते.

चौथे घर कदाचित जबलपुरात मिळणारही नाही. भोपाळ, नागपूर, पुणे अशा शहरांतून विचारणा होऊ शकते. रेल्वेने श्वान नेता येतो. प्रथम वर्गाचा संपूर्ण कूपे आरक्षित केल्यास तो मालकासमवेत प्रवास करू शकतो, अन्यथा गार्डच्या डब्यातील पेटीत. उन्हाळ्यात त्या पेटीतील प्रवास टाळणेच शहाणपणाचे. नागपूरचा उन्हाळा जबलपूरहून सौम्य नाही, हेही ध्यानात ठेवावे.

प्रश्न विचारण्यात संकोच नको

घर ठरविण्यापूर्वी एकदा तरी ते प्रत्यक्ष पाहावे. दूरध्वनीवर जे कळत नाही ते फाटकाखालील फट सांगून जाते. घरातील सर्व मंडळींची संमती आहे काय? एखाद्याच्या मनाविरुद्ध आणलेला श्वान त्या घरात कायम पाहुणाच राहतो. कोणाला श्वासाचा विकार वा अलर्जी आहे काय? घर भाड्याचे असल्यास मालकाची लेखी परवानगी आहे काय? गावी वा परदेशी मुलांकडे गेल्यावर श्वान कोठे राहील? यापूर्वी पाळलेला प्राणी अखेरपर्यंत सांभाळला होता काय? हे प्रश्न अपमानास्पद नाहीत. जो खरोखर सांभाळणार असतो, त्याच्याकडे त्यांची उत्तरे तयार असतात.

सांगण्याची बाजूही तितकीच प्रामाणिक असावी. कान दर आठवड्याला स्वच्छ करावे लागतील, लाळेने भिंती व कपडे डागाळतील, शिकविलेली गोष्ट तो दहाव्या वेळी ऐकेल, हे आधीच सांगितलेले बरे. त्याला दिवसातून दोनदा, थोडे-थोडे खावयास द्यावे आणि जेवणानंतर लगेच पळवू नये, कारण खोल छातीच्या या जातीत पोट फुगून त्याला पीळ पडण्याचा धोका असतो. पोट टम्म होणे, ओकारी येऊनही काही न पडणे, अस्वस्थपणे येरझारा घालणे ही लक्षणे दिसताच क्षणाचाही विलंब न लावता पशुवैद्य गाठावा. उन्हाळ्यात फिरणे पहाटे किंवा रात्री, कारण त्याचे पोट तापलेल्या डांबरापासून जेमतेम वीतभर उंचीवर असते. नर्मदेच्या घाटावर त्याला पाण्यात सोडण्याचा मोह टाळावा. जड पुढचे धड आणि आखूड पाय यांमुळे त्याला नीट पोहता येत नाही.

जमाखर्च आणि नामनिर्देशन

बँकेच्या ग्राहकांना हे सांगावयास नको, की दीर्घ मुदतीची जबाबदारी स्वीकारताना भावनेसोबत आकडेमोडही करावी लागते. आसऱ्याचा श्वान विनामूल्य मिळतो, त्याचा सांभाळ विनामूल्य होत नाही. दरमहाचा आहार, दरवर्षीच्या लसी, कानांची औषधे, गोचीडप्रतिबंधक उपचार, सुटीतील निवासाचा खर्च आणि या जातीत उद्‌भवू शकणारी मणक्याची किंवा पोटाची शस्त्रक्रिया. पहिले पाच खर्च नियमित आहेत, शेवटचा मात्र अकस्मात येतो व मोठा असतो. त्यासाठी पहिल्या महिन्यापासून लहानशी आवर्ती ठेव सुरू करणे हा साधा व खात्रीचा मार्ग होय. काही सामान्य विमा कंपन्या पाळीव श्वानांसाठी विमाही देतात. वय, जात व आधीचे आजार यांविषयीच्या अटी वाचूनच तो घ्यावा.

आणि मालकाच्या पश्चात? प्राण्याच्या नावे खाते उघडता येत नाही वा त्याला नामनिर्देशित करता येत नाही. पण त्याच्या देखभालीसाठी विश्वासू व्यक्तीची नेमणूक करून तिच्या हाती रक्कम ठेवण्याची तरतूद मृत्युपत्रात करता येते. ऑक्टोबर २०२४ मध्ये रतन टाटा यांचे निधन झाले. त्यांच्या मृत्युपत्रात ‘टिटो’ या श्वानाच्या आजीवन देखभालीची व्यवस्था असल्याचे वृत्त त्यानंतर वृत्तपत्रांत प्रसिद्ध झाले. संपत्तीचा आकार निराळा असेल, पण दूरदृष्टी सामान्य गृहस्थालाही परवडते. ठेवीच्या अर्जावर आपण जसे वारसाचे नाव न विसरता लिहितो, तसेच ‘माझ्यानंतर याला कोण सांभाळील’ या प्रश्नापुढे एक नाव लिहून ठेवावे आणि त्या व्यक्तीला ते सांगूनही ठेवावे.

तीन दिवस, तीन आठवडे, तीन महिने

योग्य घर मिळाले तरी ‘पी हळद अन् हो गोरी’ असा प्रकार येथे चालत नाही. श्वान सांभाळणाऱ्यांमध्ये एक ठोकताळा प्रचलित आहे. पहिले तीन दिवस भीतीचे, पहिले तीन आठवडे ओळखीचे आणि पहिले तीन महिने विश्वासाचे. प्रारंभी तो पलंगाखाली दडून बसेल, खाणार नाही, रात्री रडेल. त्याला पाहावयास पाहुण्यांची रीघ लावू नये. एक कोपरा त्याचा, एक भांडे त्याचे, एक वेळ त्याची, एवढे ठरवून द्यावे. भांडे तोंडाशी अरुंद असावे, म्हणजे कान पाण्यात बुडत नाहीत. श्वान सुपूर्द करणाऱ्यानेही या काळात अधूनमधून विचारपूस ठेवावी. जमत नसेल तर श्वान दुसऱ्या कोणाच्या हवाली न करता परत आणून द्यावा, असा स्पष्ट करार प्रारंभीच असावा. परत आणणे म्हणजे अपराध नव्हे, परस्पर सोडून देणे हा अपराध.

मग एखाद्या संध्याकाळी, ऊन उतरल्यावर, फिरून परत येताना एक लहानशी घटना घडते. एरवी प्रत्येक वासामागे पट्टा ओढणारा हा हट्टी श्वान गल्लीच्या तोंडाशी क्षणभर थांबतो, नाक जमिनीला लावतो आणि कोणी न वळविता आपणहून एका विशिष्ट फाटकाकडे वळतो. ज्या नाकाने त्याला कधीकाळी हरवले असेल, त्याच नाकाने आता आपल्या माणसांच्या पावलांचा माग काढलेला असतो. घर मिळाले, हे तो स्वतःच सांगतो.